भाजीत मीठ नाही

पंचफुलाच्या सासऱ्याले दारू चढली का भाजीत मीठ लागे नाही. "मीठ नाही," म्हने, ताट फेके अन् मंग हात उचले. नवरा बाबारावबी तसाच. बाबारावचा भाऊ उकंडा मात्र त्याच बाटलीतली पेऊन बैलापाशी रडत झोपे. म्हणून दिवस कलला का पंचफुला कुऱ्हाड अन् मुसळ शेजारच्या रुपीबाईकडे ठेवून ये. भाकर शिकवावी तसं सासूनंच शिकवलं होतं.

सासरा मेल्यावर, छप्पन साली नवरा-बायको नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले. बाबारावनं दारू सोडली ते सोडलीच. कुऱ्हाड घरी राहू लागली. पुढं तो काविळीनं गेला.

पोरगा मारोती लग्नाचा झाला. नेरचे डोमाजी आपली सत्यशीला द्याले आले, पन अडखळले.

"बाई, तुमच्या घरची दारू हात उचलते म्हणतात."

"ते जुन्या धर्मासंगं गेलं, भाऊ. आता पंचशील हाये. तुमच्या पोरीले बोट लागनार नाही."

खोटं नोती बोलली. दीक्षेनं रक्तबी धुतलं, असंच वाटे तिले.

लग्न झालं. मारोती राजूरच्या कोळसा खाणीत लागला. एका इतवारी भरदुपारी पेऊन आला, जेवाले बसला.

"भाजीत मीठ नाही."

सत्यशीला मिठाले उठली. ताट भिंतीवर गेलं. सुनेवर उचललेला हात पंचफुलानं आपल्या कानावर घेतला. मंग तो घोरत पडला.

कुऱ्हाड घेऊन ती रुपीबाईकडे निंगाली.

"बापाचं पाहून शिकला व," रुपीबाई म्हणाली.

"उकंडानंबी बापाचंच पाह्यलं ना. तो कायले रडे मंग?"

मांगं पाहते तं सत्यशीला मुसळ घेऊन उभी.

"आत्याबाई, हेबी ठेवाचं?"

पंचफुलानं तिच्या हातातलं मुसळ धरलं.

"ठेव खाली. हे तुले शिकाचं नाही. लुगडी बांध."

सकाळच्या एसटीनं दोघी नेरले गेल्या. डोमाजीनं पानी देलं. पंचफुलाचा सुजलेला कान त्यानं पाह्यला.

"भाऊ, माह्या शब्दावर पोरगी देल्ती. घ्या वापस. मारोतीनं दारू सोडली तं मीच न्याले येईन."

पंचफुला निंगाली तसा सत्यशीलानं पोटावर हात ठेवला.

"अन् याचं काय, आत्याबाई?"

पंचफुला उंबऱ्यात टेकली. लय थकली होती.

"काय मालूम, माय. उकंडाच्या वळणावर गेला तं पेऊन रडंल."