नाव, कुठून, विषय

रेडिओवर सकाळी नऊ ते अकरा लोक फोन करून बोलतात आणि निवेदक गोड आवाजात 'बरोबर आहे तुमचं' म्हणतो. पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी प्रत्येकाला एका बाईच्या कानातून जावं लागतं. स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी ती एकोणीस वर्षं बसली आहे. ऑफिसात सगळे तिला फोनताई म्हणतात. शहराची कटकट तिच्या वाट्याला, कौतुक निवेदकाच्या. आता याला कोण काय करणार?

तिचे प्रश्न तीनच. नाव? कुठून? विषय? पहिल्या दोन उत्तरांकडे तिचं लक्ष नसतं, हात आपोआप लिहितो. तिसरं उत्तर आजच्या विषयात बसलं की बटण दाबायचं, माणूस आत. नाही बसलं तर 'उद्या करा हं'. खड्डे, पाणी, बस, शेजाऱ्याचं कुत्रं... ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. घरी गेली की ती पाव तास चपला न काढता दाराशीच बसायची. आई काही बोलायला लागली की म्हणायची, "आई, नंतर." ते नंतर काही यायचं नाही.

त्या दिवशी मात्र एका उत्तरावर तिचा जीव टांगणीला लागला होता. आईच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे अकराच्या आत दवाखान्याला कळवायचं होतं. नाहीतर तारीख तीन महिने पुढे, आणि एवढं थांबणं धोक्याचं, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. आई आठवडाभर "बघू"च्या पुढे जायला तयार नव्हती. कामाच्या खोलीत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून निघताना तिनं आईला बजावलं, "ठरलं की रेडिओच्या नंबरवर कर. हो की नाही, एवढंच सांग."

विषय होता दवाखान्यांतल्या रांगा. पाचही लाइन पेटलेल्या. एका रिटायर्ड मास्तरांना कसंबसं आत ढकलून, त्यांचीच चिठ्ठी लिहिता लिहिता तिनं पुढची लाइन घेतली.

"नाव?"

"अगं, मी बोलतेय."

"कुठून?"

"घरातून. आणखी कुठून?"

"विषय?"

"ऑपरेशनचं."

बसलं विषयात. मास्तरांचं संपताच तिनं बटण दाबलं, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून आईचा आवाज आला.

"आता हा कोण?" आई म्हणाली. "मला मुलीशी बोलायचं होतं. बरं, तूच सांग तिला. ऑपरेशन नको म्हणावं."

"का नको, आजी?" निवेदकानं विचारलं.

"महिनाभर माझं कोण करणार? ती बिचारी दिवसभर अख्ख्या गावाचं ऐकते. त्यात आणखी माझं कुठे घालू?"

"पण मुलगी काय म्हणते?"

"म्हणाली, हो की नाही, एवढंच सांग."

फोन कापायचं बटण फोनताईच्या हाताशीच होतं. चुकीचा माणूस आत गेला की लगेच कापायचं, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. तिनं कापलं नाही. तिला लाज वाटली, स्वतःचा रागही आला. आणि परका माणूस आपल्या आईशी आपल्यापेक्षा मायेनं बोलतोय, याचं फार वाईट वाटलं.

निवेदकानं गाणं लावलं. रोजच्या पद्धतीप्रमाणे आभार मानायला फोन तिच्याकडे परत आला.

"आई," ती म्हणाली आणि अडली. एकोणीस वर्षांत चौथा प्रश्न तिनं कोणाला विचारलाच नव्हता. "भीती वाटते का गं तुला?"

"वाटते," आई म्हणाली. "कापाकापीची नाही. शुद्धीवर आले आणि जवळ कोणी नसलं तर, त्याची."

"मी असेन."

"तुझी रजा?"

"मी असेन म्हटलं ना. हो म्हणून कळवू त्यांना?"

"कळव." आई म्हणाली. "ठेवते आता. तिकडे माणसं थांबली असतील, त्यांचं घे आधी."

काचेपलीकडून निवेदकानं हातानं विचारलं, पुढचं कोण? उरलेल्या चारही लाइन लुकलुकत होत्या. फोनताईनं मान हलवली. कोणी नाही.

"थांबू देत," ती आईला म्हणाली. "तू बोल."