तीन चौरस फूट

"तीन फूट. तीन फुटांसाठी म्हाताऱ्या माणसाला लेकीपासून तोडायचं?"

"तीन चौरस फूट, ताई. आणि तोडायचं काय त्यात? शेजारच्या शहरातल्या निवाऱ्यात पाठवतायत. तिथे पलंग आहे, डॉक्टर आहे."

"लेक आहे का तिथे? नाती आहेत का?"

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते आजोबा समोरच पलंगाच्या कडेला बसले होते. इथे येऊन पाच महिने झाले होते, पण भाषा अजून चार-दोन शब्दांपुरतीच येत होती. लेक कामाला, दोन्ही नाती शाळेत. भांडणारे दोघं बहीणभाऊ, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघणारे हे. सोमवारी सकाळी त्यांना न्यायला पालिकेची गाडी येणार होती. आज शुक्रवार.

भाऊ पालिकेत सव्वीस वर्षं खोल्या मोजतोय. निर्वासितांसाठी कुणी घरातली खोली देऊ केली की आधी हा जातो. माणशी चाळीस चौरस फूट, एक उघडणारी खिडकी, कोरडी भिंत. गल्लीत त्याला टेपभाऊ म्हणतात, तेही तोंडावर. स्वतःची मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या खोलीत शिरून याने आधी खिडकी किती उघडते ते पाहिलं, मग बाळ. बायको अजून ऐकवते.

एकदाच त्याने कुणाची दया येऊन सही केली होती. अकरा वर्षांपूर्वी. कार्यालयाच्या व्हरांड्यात बोचकी घेऊन एक कुटुंब तीन दिवस बसलं होतं, त्यांना त्याने एक तळघर मंजूर करून दिलं. भिंतीला ओल होती, ती त्याला दिसली होती. त्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा दोन महिने इस्पितळात होता, छातीत कफ भरून. तेव्हापासून टेप जे सांगेल ते लिहायचं. अर्धा इंचसुद्धा वर नाही.

ताई शाळेत नर्स होती. निवृत्त झाल्यावर वरची खोली रिकामीच होती, ती तिने सगळ्यांच्या आधी देऊ केली. मग अख्ख्या गल्लीला मायेचं भरतं आलं. सात टेबललॅम्प आले, तीन इस्त्र्या आल्या, पांघरूण एकही नाही. आणि आलं एक कपाट, चार माणसांनी घाम गाळत वर चढवलेलं. मुलांच्या अंगावर काय काय पडतं ते ताईने नोकरीभर पाहिलेलं. तिने त्याच दिवशी सुतार बोलावून ते कपाट स्क्रूंनी भिंतीला पक्कं करून घेतलं.

आणि नियम असा की भिंतीला पक्कं केलेलं सामान खोलीतून वजा. पंधरा बाय अकराची खोली, एकशे पासष्ट. कपाटाचे आठ गेले. उरले एकशे सत्तावन्न. चार माणसांना एकशे साठ लागतात, म्हणून तिघींचीच परवानगी आली आणि आजोबा वगळले गेले.

"मोजताना तोंड शिवलं होतं का तुझं?" ताई म्हणाली. "कपाट सोडव म्हणाला असतास तर दहा मिनिटांचं काम."

"मोजणाऱ्याने घरमालकाला सल्ला द्यायचा नसतो."

"आणि बहिणीला?"

"त्या दिवशी तू घरमालक होतीस."

"हो का? मग घरमालकाचा चहा बरा चालला."

"नव्हता घेतला. आठव."

ताईला आठवलं. कप तसाच गार झाला होता आणि तिला वाटलं होतं, साखर कमी पडली.

"पुन्हा मोजणीचा अर्ज कर," तो जरा नरमून म्हणाला. "एकवीस दिवसांत मी स्वतः येतो."

"आणि सोमवारी गाडीवाल्याला काय सांगू? एकवीस दिवस दारात उभा राहा?"

मागे कर्र आवाज झाला. आजोबा पलंगावर नव्हते. ताईच्या शिवणयंत्राच्या खणातला छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते कपाटाशी वाकले होते. या भांडणातला एक शब्द त्यांना पक्का कळत होता, कपाट. सहा स्क्रू त्यांनी एकेक करून बशीत ठेवले, खांदा लावून कपाट दाराबाहेर सरकवलं आणि बशी भावासमोर धरली.

भावाने बशीकडे पाहिलं, मग गुडघ्यावर बसून टेप ओढला. आडवा, उभा. भिंतीतली सहा भोकंही बोटाने चाचपली.

"एकशे पासष्ट."

"झालं तर मग."

"खोली झाली, ताई. कागद नाही झाला."

ताईने उशीखालून एक गुलाबी फॉर्म काढला. सकाळी ती पालिकेच्या खिडकीवर दीड तास उभी होती, तिथल्या बाईंनी दिला होता. मोजणाऱ्याने स्वतः लिहून दिलं की मोजताना माझी चूक झाली, तर आकडा त्याच दिवशी बदलतो. साडेपाचपर्यंत. आता पावणेपाच झाले होते.

"एक ओळ लिहायची. खाली सही."

"चूक झालीच नव्हती. मी बरोबर मोजलं होतं."

"माहितीये. चुकलं असतं तर तूच दुरुस्त केलं असतंस, मी तुझ्या पाया कशाला पडले असते?"

"हे लिहिलं की माझ्या मागच्या सगळ्या फायली उघडतील. ह्याने बहिणीसारखी आणखी कुणाकुणाची सोय पाहिली म्हणतील." त्याने टेप गुंडाळला. "तळघराच्या वेळी खरंच चुकलो होतो. तेव्हा कुणी लिहून मागितलं नाही."

आजोबा अजून बशी धरून उभे होते.

"मी काही तळघर मागत नाही," ताई म्हणाली. "कोरडी खोली आहे. आता पूर्ण भरतेय. तूच मोजलीस, माझ्यासमोर. लिहिणार की नाही?"

भावाने फॉर्म घेतला. घडी न घालता तो आपल्या फायलीत सरकवला. घडी पडलेला कागद खिडकीवर घेत नाहीत, म्हणून? की नुसतीच सवय, ते ताईला कळेना.

"हो की नाही, एवढं तरी सांग. मला त्यांच्या लेकीला तोंड दाखवायचंय."

त्याने चपला घातल्या, दाराबाहेरच्या कपाटाला वळसा घातला आणि जिना उतरून गेला.