तुळजाबाईने लिहून घेतलेला तक्ता

आमच्या कन्याशाळेला आंतरराष्ट्रीय मैत्रीचा झटका आला तो २००६ साली. त्याआधी आमची मैत्री शेजारच्या मुलांच्या शाळेशीही नव्हती. त्यांचा चेंडू आमच्या आवारात आला तर आम्ही तो जप्त करत असू. पण खराडीत कंपन्या उभ्या राहिल्या, ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी परदेशी जाऊन आलं आणि प्रवेशाच्या वेळी पालक विचारू लागले, ‘तुमच्याकडे एक्स्चेंज प्रोग्रॅम आहे का?’ मग मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, एका माजी विद्यार्थिनीच्या ओळखीने जपानमधली मुलींची एक शाळा गाठली.

मला मात्र तुळजाबाईबद्दल सांगायचंय. मोठ्या बाईंचं कौतुक करायला शाळेची स्मरणिका आहे, दरवर्षी निघते.

तुळजाबाई शाळेची सेविका. येरवड्याहून पहिल्या बसने यायची आणि साडेसहाला फाटकाचं कुलूप काढायची. जन्म छप्पनच्या आधीचा, म्हणून नाव तुळजाबाई. पुढे घराने बौद्ध धम्म स्वीकारला, नाव तेवढं मागे राहिलं. धम्म घेतला त्या दिवशी तिच्या वडिलांनी गावकीची सगळी कामं सोडली होती. आणि नवरा गेल्यावर ह्या बाईवर पुण्यात येऊन झाडू धरायची वेळ आली. ते तिला सलायचं. आम्ही शिक्षिका तिला ‘अगं’ म्हणायचो, ती आम्हाला ‘अहो’. पंचवीस वर्षांत ह्यात काही गैर आहे असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नव्हतं.

तिची नात कल्याणी आमच्याच शाळेत नववीत होती. मुलगी चारचौघींसारखी, गणितात कच्ची, बडबडीत पक्की. तिच्या प्रवेशाच्या दिवशी तुळजाबाई मला म्हणाली होती, “बाई, झाडू माझ्यापाशी संपणार. पोरीच्या हातात ह्या शाळेत फक्त पेन. तुमी साक्षीला हाय.” मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

जपानहून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की त्यांच्याकडे शेवटच्या तासानंतर मुली आपले वर्ग आणि स्वच्छतागृहं स्वतः साफ करतात, त्यातून जबाबदारी शिकतात. मोठ्या बाईंनी उलट टपाली कळवलं, की आमच्याकडेही स्थापनेपासून हीच परंपरा आहे आणि सफाईला आम्ही माणूस ठेवतच नाही. आमच्या शहरात स्थापनेपासूनची परंपरा दोन दिवसांत तयार करून मिळते.

मग तयारी. शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री म्हणून राजनंदिनी बिनविरोध निवडून आली. ती संस्थेच्या कार्यवाहांची नात, त्यामुळे विरोध कोण करणार? ह्या मुलीने स्वतःचा डबासुद्धा कधी धुतला नव्हता. तिच्या छातीवर बिल्ला लागला. रंगीत दांड्यांचे चाळीस झाडू आले. रंगीत तालीम सुरू झाली तेव्हा लक्षात आलं, की तुळजाबाईने सकाळीच वर्ग झाडलेला असल्यामुळे मुलींना झाडायला काहीच नाही. मोठ्या बाईंनी तोडगा काढला. तुळजाबाईने वर्ग झाडायचा आणि मग कोऱ्या कागदाचे कपटे सारख्या अंतरावर टाकायचे. पाहुण्यांसमोर खरा कचरा कसा चालेल?

तुळजाबाई कपटे टाकता टाकता मला म्हणाली, “बाई, आयुष्यात पहिल्यांदा कचरा करायचा पगार घेतेय.” मी हसले. तिला हसू आलं नव्हतं.

पाहुण्या दहा दिवस राहणार होत्या. तेवढे दिवस तुळजाबाईने शाळेच्या वेळात भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत बसायचं, पाहुण्यांच्या नजरेला पडायचं नाही, असा हुकूम निघाला. ती ‘बरं’ म्हणाली. एवढं सगळं तिने गिळलं.

आता माझा भाग. मी मराठी शिकवते आणि माझं अक्षर सुंदर आहे. त्यामुळे शाळेतला प्रत्येक फलक, प्रत्येक मानपत्र माझ्या गळ्यात पडतं. नववीच्या कामवाटपाचा तक्ताही माझ्याकडेच आला. मोठ्या बाई म्हणाल्या, “संडासांना जरा सवय असलेल्या मुली घाला. उगाच तमाशा नको.” त्यांनी एकही नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सवय म्हणजे काय, ते पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी निमूटपणे बसले आणि दहाही दिवस संडासांपुढे त्याच चार मुलींची नावं लिहिली. त्यातलं पहिलं नाव कल्याणी. भोवती वेलबुट्टीही काढली.

पाहुण्या आल्या त्या सकाळी तक्ता भिंतीवर लागला. तुळजाबाई नातीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकलेली. तिने प्रत्येक ओळीवर बोट फिरवून दहाही दिवस वाचले. मी समोरच्या जिन्यात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ फाटकाबाहेर गेली. मला वाटलं, रुसली. बरंच झालं, नकाशांच्या खोलीत डांबायला नको. तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, आणि आज त्याची मला लाज वाटते.

साडेचारला घंटा झाली. आठ जपानी मुली, त्यांच्या शिक्षिका, जपानी भाषा येणारा खराडीच्या कंपनीतला अभिनव नावाचा तरुण आणि मोठ्या बाईंनी बोलावलेला छायाचित्रकार, असा लवाजमा वर्गात आला. आमच्या मुलींनी कपटे गोळा केले. टाळ्या झाल्या. पाहुण्या मुलींनी बाह्या सरसावल्या आणि विचारलं, स्वच्छतागृहं कुठे आहेत?

संडासांच्या दाराला कुलूप होतं. पायरीवर तुळजाबाई बसली होती. चौदा एप्रिलला नेसायची ती पांढरी साडी, हातात किल्ली.

“तुळजाबाई, किल्ली दे,” मोठ्या बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

“देते की. आधी तक्ता नीट करा.”

“कसला तक्ता? ऊठ इथून.”

“दहा दिवस माझीच पोर? मंत्रीण कुठं हाय?” मग तिने मान माझ्याकडे वळवली. “अक्षर ह्या बाईंचं हाय. त्यांनाच पुन्हा लिहायला सांगा. हजेरीच्या नंबरानं. समद्यांची नावं.”

जपानी शिक्षिकांनी काहीतरी विचारलं. अभिनव म्हणाला, “ह्या कोण, असं त्या विचारतायत.”

सफाईला माणूस ठेवत नाही, असं पत्र मोठ्या बाईंच्याच सहीने गेलं होतं. “ह्या आमच्या... पालक प्रतिनिधी,” त्या म्हणाल्या. “ह्या तुळजाबाई. त्या... त्यांची एक सूचना आहे.”

पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईंच्या तोंडी ‘ह्या’ आलं, आणि तेसुद्धा खोटं बोलताना. जपानी शिक्षिका तुळजाबाईसमोर कमरेत वाकल्या. तुळजाबाई उठून उभी राहिली, हात जोडून म्हणाली, “जय भीम. पालक तर मी हायेच.”

मग मला स्टूल दिलं गेलं. चाळीस मुली, आठ पाहुण्या आणि छायाचित्रकार यांच्यासमोर मी हजेरीपट मांडीवर घेऊन नवा तक्ता लिहिला. पाहुण्यांना वाटलं, हाही समारंभाचा भाग. शेवटचं नाव लिहून झाल्यावर तुळजाबाईने तो बोट फिरवून वाचला, जुना भिंतीवरून काढला आणि मग कुलूप उघडलं.

राजनंदिनीचा हजेरीत दुसरा नंबर. ती आत जाऊन रडली. एका जपानी मुलीने तिला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं.

कल्याणीचा नंबर सहाव्या दिवशी होता. त्या दिवशी तुळजाबाईने ब्रश स्वतः आणून नातीच्या हातात दिला. मला राहवलं नाही. “तू तर म्हणाली होतीस, तिच्या हातात फक्त पेन.”

“समद्यांचा नंबर लागला तर तिचाबी लागणार,” ती म्हणाली. “ती जाईल. एकटी न्हाई जाणार.” मग पदर तोंडाला लावून ती पायरीवर बसली, ती नात बाहेर येईपर्यंत उठली नाही.

अकराव्या दिवशी विमान उडालं आणि परंपरा संपली. मोठ्या बाईंनी तक्ता उतरवला. रंगीत झाडू ढालींच्या कपाटात गेले. तुळजाबाईच्या हातात जुना झाडू आला. तिला काढून टाकायची मोठ्या बाईंची फार इच्छा होती, पण जपानी शिक्षिका दर पत्रात पालक प्रतिनिधींना नमस्कार कळवत. त्यांना काय उत्तर देणार?

छायाचित्रकाराने त्या दिवशी काढलेला पाहुण्यांसोबतचा फोटो, ज्यात तुळजाबाईही आहे, मोठा करून कार्यालयात लावला आहे. त्याखाली नावं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “तिचं नाव नको. नुसतं पालक प्रतिनिधी लिहा.”

मी नुसतं पालक प्रतिनिधी लिहिलं. तुळजाबाई निवृत्त होईपर्यंत त्या फोटोची काच रोज सकाळी पुसायची. नाव कुठे गेलं, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. अक्षर मात्र सुंदर आलंय, सगळे म्हणतात.