ब्राउझरमधला पाय

"नाही जमणार" असं कुणी म्हटलं की ताईच्या कपाळाची शीर तडतडायला लागायची. पुलांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं तिने हे शब्द ऐकले आणि बहुतेक वेळा खोटे पाडले. शेवटी कंपनीने तिच्या हातात पुष्पगुच्छ ठेवला आणि "आता आराम करा" म्हणून तिला घरी बसवलं. आराम काही तिच्या अंगी लागला नाही.

तिचा धाकटा भाऊ इस्पितळाच्या तळघरात कृत्रिम पाय बनवायचा. ती त्याला भेटायला गेली, तर तो एकाच माणसाचा साचा चौथ्यांदा तासत बसलेला. उरलेला पाय ज्यात बसतो तो कप कुठेतरी टोचत होता, आणि नेमका कुठे ते घालून चालल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

"सगळं अंदाजपंचे चाललंय बघ," भाऊ म्हणाला.

"पुलावर भार कुठे पडतो ते मी काढतच होते की. मग पायावरचा का नाही काढता येणार?"

सात महिने खपून तिने प्रोग्राम लिहिला. पायाचा स्कॅन घ्यायचा, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर किती दाब येतो ते काढायचं. घरी तो झकास चालला. तळघरातल्या संगणकावर मात्र काही बसवायची सोयच नव्हती. संगणक विभागाने सगळी यंत्रं कुलूपबंद केलेली, उघडायचा तो फक्त ब्राउझर.

ताई विभागाच्या साहेबांकडे गेली.

"आमच्या मध्यवर्ती सर्व्हरवर टाका की," साहेब म्हणाले. "सगळे स्कॅन तिथे येऊ द्या."

"ते माणसाचं शरीर आहे, साहेब. ते तळघराबाहेर जाणार नाही. मी ब्राउझरमध्येच चालवीन."

साहेबांना हसू आवरेना. "मॅडम, ब्राउझर बातम्या वाचायला असतो. असलं गणित त्यात नाही जमणार."

झालं!

तिने तोच प्रोग्राम ब्राउझरला चालेल अशा रूपात पुन्हा कंपाइल केला. चालला, पण एक्केचाळीस मिनिटं घेतली. यंत्रात गणित करणारे आठ कोअर होते. एकटा राबत होता आणि बाकीचे सात हातावर हात ठेवून बसलेले. पानाच्या मागे वेगळी कामं चालवायला ब्राउझर वर्कर देतो, तेव्हा तिने गणित वाटून त्यांच्याकडे सोपवलं. सगळ्यांनी एकाच मेमरीत लिहायचं होतं, आणि पान बाहेरच्यांपासून वेगळं ठेवल्याशिवाय ब्राउझर तशी मुभा देत नाही. त्यासाठी लागणाऱ्या दोन ओळी तिने पान जिथून उघडायचं त्या स्वतःच्या सर्व्हरवर टाकल्या; स्कॅन मात्र तळघरातच राहणार होते.

मग तिने साहेबांना तळघरात बोलावलं. बटण दाबलं आणि पान जागच्या जागी गोठलं. पट्टी सरकेना, बटण हलेना.

"मी म्हटलं नव्हतं?" साहेब म्हणाले.

"सोमवारी याच वेळी या," ताई म्हणाली. कान लाल झाले होते, आवाज मात्र चढला नव्हता.

घरी तिने कागदावर रेघा ओढून एकेक पायरी तपासली. पान रंगवणारा मुख्य धागा, म्हणजे ब्राउझरच्या कामाची मुख्य रांग, तोच वर्करांच्या उत्तराची वाट बघत थांबला होता. आणि ते वर्कर सुरू व्हायलाच तो मोकळा असायला हवा होता!

"म्हणजे दोघंही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारात उभे," भाऊ म्हणाला, तेव्हा कुठे तिला हसू फुटलं.

पान उघडतानाच सगळे वर्कर तयार राहतील असं तिने केलं. वाट बघायचं कामही एका वर्करकडेच दिलं. मुख्य धाग्याने फक्त चित्र दाखवायचं.

सोमवारी खुर्चीत एक बाई होत्या, बसच्या ड्रायव्हर, एक पाय गुडघ्याखाली गेलेला. गणित चालू असतानाच त्या पडद्यावरचा आपला पाय बोटाने फिरवून बघत होत्या, आणि पान कुठेही अडत नव्हतं. सातव्या मिनिटाला बाहेरच्या हाडापाशी लाल डाग उमटला.

"हेच! इथेच टोचतं मेलं!" बाई ओरडल्या. भावाने साच्यावर नेमका तिथे प्लास्टरचा थर चढवला, म्हणजे कपात तेवढी जागा मोकळी सुटेल.

साहेबांनी घसा खाकरला. "ठीक आहे. आता नोंदीसाठी स्कॅन आमच्याकडे पाठवायची सोय करा, मग मंजुरी देतो."

"ज्यांचा पाय, त्यांना विचारा," ताई म्हणाली.

"पाय गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता विचारताय तर ऐका. नाही!"

साहेबांनी त्याच दुपारी इस्पितळाच्या संगणकांवर पानाचा पत्ता बंद करून टाकला. तीन आठवडे तो बंदच होता. मग त्या बाई नवा पाय घालून, जिने चढून साहेबांच्या मजल्यावर गेल्या आणि त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसल्या. दुसऱ्या दिवशी भावाकडचे आणखी दोन रुग्ण, तिसऱ्या दिवशी सहा जण आले. चौथ्या दिवशी पत्ता उघडला आणि ताईच्या हाती कागद आला. त्यावर 'तात्पुरती परवानगी' असं लिहिलं होतं.

'तात्पुरती'वर तिने पेनाने आडवी रेघ मारली, खाली सही ठोकली आणि कागद परत वर पाठवून दिला.