जनावरांचे डॉक्टर आणि आमचा समन्वय

आमची जीप गावात शिरली आणि गाव रिकामं झालं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाया पोरांसकट ज्वारीत घुसल्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सोनपेठजवळचं गाव. मी अंगणवाड्यांची सुपरवायझर, सोबत आरोग्य केंद्राची सिस्टर. बीडीओ साहेबांनी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला होता, "सगळ्या खात्यांनी एकत्र जायचं. समन्वय पाहिजे!" पण नसबंदीच्या मोहिमेत याच जीपनं गावातले बाप्ये उचलून नेले होते. आम्ही एकेकट्या एस्टीनं जायचो तेव्हा निम्मं गाव पळायचं. समन्वयानं सगळंच पळालं.

मला मात्र हसू येत नव्हतं. दोन वर्षांची शेवंता ग्रेड चारमध्ये होती, म्हणजे कुपोषणाची शेवटची पायरी. पायांवर सूज, खाण्यावरची वासना उडालेली. तिला त्याच दिवशी परभणीला भरती करायला हवं होतं, आणि तिची आई गयाबाई तिला घेऊन ज्वारीत लपलेली.

मी बांधावरून घसा फोडला. आतून उत्तर आलं, "आमी येत न्हाई! सुया टोचून मारता पोरीला!"

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तेही टोचायलाच आले होते, लाळ-खुरकुताची लस. बघता बघता सगळं गाव बाहेर. हातात शेळीचं दावं, कडेवर पोर. गयाबाई सगळ्यांच्या पुढे.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या सुईनं आमची म्हैस उठली. पोरीलाबी बघा जरा."

"अहो, मी ढोरांचा डॉक्टर!"

"म्हणूनच म्हणायले. माणसांचे लय बघितले."

सिस्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. डॉक्टरांनी शेवंताच्या पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. त्यांचा आवाज बदलला. "बाई, पोरीला आजच परभणीला न्या. या दोघी बरोबर सांगतायत."

"तुमी संगं चला. तरच."

म्हशी टोचायच्या राहिल्या आणि डॉक्टर आमच्या जीपमध्ये बसले. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी औषध दिलं की गयाबाई आधी आमच्या डॉक्टरांकडे बघायची, "देऊ का?" ते बिचारे मान हलवायचे, मगच चमचा शेवंताच्या तोंडात जायचा. अंधार पडेपर्यंत त्यांना तिनं हलू दिलं नाही.

शेवंता वाचली. पुढे अंगणवाडीत ती आपल्या पायांनी चालत आली, तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "समन्वयासाठी अजून काय पाहिजे?"

"जनावरांचे डॉक्टर," मी म्हणाले. सगळे हसले. मी मात्र त्यानंतर कुठल्याही नव्या गावात आधी एवढंच विचारायचे, इथल्या म्हशी कोण बघतं? मग त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे.