नाक झाका की

कोरोनातून बरा होऊन सोलापुरातल्या आमच्या गल्लीत परतलो, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की वॉर्डातली सिस्टर फार कजाग होती, सारखी माझ्यावर ओरडायची. ते अर्धंच खरं होतं.

तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पांढऱ्या पीपीई किटमध्ये ती भरलेल्या पोत्यासारखी दिसायची. माझा मास्क हनुवटीवर आला की दारातूनच हाक यायची, "आबा, नाक झाका की. घरी लेकरू हाय माजं. तुमचा आजार खाऊ म्हणून नेऊ व्हय त्याला?" मग जवळ येऊन ती मास्क नीट करायची, उशी सरळ करायची आणि गॉगलच्या काचेआडून डोळे वटारून जायची.

तो मास्क घसरत नव्हता, मीच ओढत होतो. घरच्यांना आत येऊ देत नव्हते आणि तिच्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

एकदा मास्क वर करताना ती हळूच म्हणाली, "आबा, नाक झाकून ठिवलं तरी मी येते की."

त्यानंतर मी मास्कला हात लावला नाही. ती येत राहिली आणि माझ्या पिंजारलेल्या केसांवरून ओरडत राहिली. केस मात्र मी मुद्दामच विंचरत नव्हतो.