हिरायामा-सान आणि सत्तर चेंडू

हिरायामा-सान गेल्याचं मला कळलं तेव्हा मी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जिना उतरत होते. प्लास्टिकचा कचरा ठेवायचा दिवस होता. बेसबॉल टीमच्या पालकांच्या ग्रुपवर निरोप आला होता, इतक्या अदबशीर जपानीत की कोण गेलं हे समजायला तो दोनदा वाचावा लागला. पिशव्या जागेवर ठेवल्या, वर आले आणि माझ्या मुलीला, सईला, उठवून सांगितलं. ती जपानीतच म्हणाली, "मग रविवारी प्रॅक्टिस?" मी म्हटलं, "असणार." हिरायामा-साननीही हेच सांगितलं असतं.

आम्ही राहतो त्या उरायासु शहरातल्या मुलांच्या बेसबॉल टीमचे ते कान्तोकु, म्हणजे प्रशिक्षक. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. सई आठ वर्षांची असताना टीममध्ये गेली, तेव्हा बेसबॉल म्हणजे रस्ता चुकलेलं क्रिकेट एवढंच माझं ज्ञान. बाकीचं त्यांनी बाकावर बसून शिकवलं. त्यांच्या शाळेच्या काळात टीमला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकच असे. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत तोच, आज तोच आणि उद्याही तोच. उन्हात सराव करताना पाणी प्यायचं नाही. खांदा दुखला तर आणखी टाकायचे, म्हणजे दुखायचा थांबतो! बॅटरला शिकवण एकच : बॅट वरून खाली आण, चेंडू जमिनीवर घाल आणि पळ. आता पिचर जास्त जोरात टाकतात पण थोडेच, मग दुसरा येतो. बॅटर व्हिडिओ बघून येतात आणि बॅट खालून वर नेत चेंडू आकाशात उचलतात. अशा वेळी वडीलधारी माणसं 'आमच्या वेळी' म्हणून सुरू होतात. हे मात्र दहा वर्षांच्या पोरीला म्हणायचे, "पुन्हा दाखव बघू, कंबर आधी वळते की हात?" एकदा मला म्हणाले, "मला शिकवलं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं. कुठलं निम्मं, ते शोधण्यात म्हातारा झालो."

इथे पालकांच्या पाळ्या असतात. कुणी चहा आणतं, कुणी मैदानावर रेषा आखतं. गेल्या वर्षी एका सरावाच्या सामन्यात माझ्याकडे चेंडू मोजायचं काम आलं. या वयाच्या पिचरला दिवसाला सत्तर चेंडूंची मर्यादा, पिचर सई. मी मन लावून मोजले. सामना लांबला, सई लाल झाली, तरी माझे सत्तर होईनात... मी पुण्यात भावांच्या क्रिकेटचा स्कोअर लिहीत वाढलेली. फलंदाजाच्या आवाक्याबाहेर गेलेला चेंडू म्हणजे वाइड, तो षटकात धरायचा नाही. असे सगळे चेंडू मी शांतपणे सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी सईला दात घासता येईनात. कोपर हलेना. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मोजलंस बरोबर. फक्त खेळ चुकला." त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दवाखान्यात हिरायामा-सान सायकलवर आमच्या आधी पोचले होते. डॉक्टरांनी दोन महिने चेंडू टाकणं बंद केलं. बाहेर मशीनमधून चहा घेऊन बसलो तेव्हा मी सगळं कबूल केलं. त्यांनी वाइडचा नियम नीट विचारून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे बाहेर गेलेल्या चेंडूने हात दुखत नाही?" मला हसू आलं आणि लाजही वाटली. ते डाव्या हाताने चहा पीत होते. मी त्यांना कायम डावखुरे समजत आले होते. त्यांनी उजवा हात दुमडून दाखवला, तो हनुवटीच्या बराच खाली अडला. "शाळेत तो एकच पिचर मी होतो. माझे कान्तोकु फक्त विजय मोजायचे," एवढंच बोलले. पुढच्या रविवारी सगळ्या पालकांसमोर टोपी काढून ते वाकले. "मोजायला सांगितलं मी. काय मोजायचं ते सांगितलं नाही. सईच्या आईंचा दोष नाही." वयाने एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासाठी वाकावं... मी खाली बघत उभी राहिले. नंतर म्हणाले, "पुढच्या वेळीही तुम्हीच मोजा. आता तुमच्याइतकं काटेकोर कुणी मोजणार नाही."

त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. टीम आता एंदो-सानकडे आहे. तरुण आहेत, चांगले आहेत. गेल्या रविवारी सरावाचा सामना होता, आम्ही एका धावेने पुढे, सई छान टाकत होती. मी म्हटलं, "सत्तर झाले." एंदो-सान म्हणाले, "हा डाव संपू दे ना. सरावाचाच सामना आहे." माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, सई ओरडली, "आई, अजून फक्त दोन बॅटर!" इथे पालक प्रशिक्षकाच्या कामात बोलत नाहीत, बाकावरच्या सगळ्या आया जमिनीकडे बघायला लागल्या. मी उठून एंदो-सानसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सत्तर झाले." त्यांनी पिचर बदलला. आम्ही हरलो. एका आईने जाताना "इथल्या रीती कठीण असतात, नाही?" असं गोड आवाजात विचारलं. मी "हो" म्हटलं.

सई सायकल दामटत माझ्या आधी घरी पोचली. मी वेणी घालायला कंगवा घेऊन गेले तर "मला येतं" म्हणून तिने तो हिसकावला. आरशासमोर उभी राहून, दोन्ही कोपरं डोक्यामागे पूर्ण दुमडून, तिने रागारागाने स्वतःची वेणी घातली. वेणी वाकडी झाली होती. मी ती तशीच राहू दिली.